शिक्षा कुणाला, किती, कुठवर

नांदगाव पेठच्या फाट्यावरून तीन दिशांना रस्ते जातात. एक मागे अमरावतीला. दहा-बारा किलोमीटरवर शहर लागतं आणि शहरात इंग्रजांच्या काळापासूनचं मध्यवर्ती कारागृह आहे. दुसरा महामार्ग गुरुकुंज मोझरी, तिवसा, तळेगाव करत नागपूर गाठतो. नागपूरच्या कारागृहात फाशीघर आहे. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच ठिकाणी आहे, येरवड्याला आणि नागपूरला. याकूब मेमनला ३० जुलै २०१५ च्या सकाळी नागपुरातच फाशी दिली गेली. तिसरा रस्ता उत्तरेला वळतो आणि माहुली जहागीरवरून संत्र्याच्या पट्ट्यात शिरत मोर्शीला पोचतो. मोर्शीला खुलं कारागृह आहे. तिथले कैदी दिवसभर शेतात राबतात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. पळून जायला वाट मोकळी असते, तरी बहुतेक जण पळत नाहीत.

आम्ही या भागातली माणसं या फाट्यावरून रोज जातो. कुणी एमआयडीसीत पाळीला, कुणी टोलनाक्यापलीकडच्या शेतावर, कुणी अमरावतीच्या दवाखान्यात. एकाच चौकातून शिक्षेच्या तीन वेगवेगळ्या कल्पनांकडे रस्ते फुटतात, हे जाता-येता कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. गुन्हा केलेल्या माणसाचं समाजाने काय करावं, हा प्रश्न मी पुस्तकांत वाचायला लागलो तेव्हा त्याची उत्तरं या तीन रस्त्यांवर आधीपासून उभी आहेत, हे ध्यानात आलं. म्हणून हे प्रकरण इथून सुरू करतो.

आधी एक साधी चोरी. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मोर्शीकडच्या माझ्या मामांच्या शेतातून मोटारीची केबल गेली. संत्र्याच्या अंबिया बहराचा ताण तोडायची वेळ होती. महिनाभर झाडांचं पाणी बंद ठेवलेलं, पानं मलूल झालेली, आणि आता पाणी द्यायचं तर मोटर मुकी. विहिरीपासून पेटीपर्यंतची केबल कापून नेलेली होती. नाल्याच्या काठी काळ्या राखेचा एक गोल दिसला, त्यात वितळलेल्या प्लास्टिकची ढेकळं. चोरांनी तिथेच केबल जाळून तांबं मोकळं केलं होतं. भंगारात त्याचे जे काही पैसे आले असतील, त्याच्या कितीतरी पट मामांचा बहर बुडाला. ते ठाण्यात गेले. तिथे साधा अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नोंदवला नाही. त्या हंगामात त्याच शिवारातल्या आणखी चार विहिरींवरून केबल गेली.

पारावर रोज एकच बोलणं चालायचं. असल्यांचे हात तोडले पाहिजेत. मामा ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "चोर घावला त पायजे न बापा! मंग पाहू हात तोडाचे का बोटं."

मिलान शहरात चेझारे बेक्कारिया नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने १७६४ मध्ये गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि युरोपातल्या राजांच्या कायद्यांना हादरा दिला. त्याचं मुख्य म्हणणं आणि मामांचं म्हणणं एकच आहे. शिक्षा सौम्य असली तरी चालेल, पण ती चुकणार नाही हे गुन्हेगाराला ठाऊक हवं. भयंकर शिक्षा, पण सुटण्याची आशा मोठी, अशा कायद्याचा धाक बसत नाही. पुढच्या अडीचशे वर्षांत या विषयाचा जो अभ्यास झाला त्याचा कलही त्याच बाजूला आहे. पकडले जाण्याची शक्यता वाढली की गुन्हे घटतात. नुसती शिक्षेची वर्षं वाढवली तर फारसा फरक पडत नाही. कारण सोपं आहे. केबल कापणारा माणूस भारतीय न्याय संहितेत चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे की तेरा, याचा हिशोब करून विळा उचलत नाही. आज रात्री या शिवारात कुणी जागलीला आहे का, आणि सकाळी भंगारवाला 'हे तांबं कुठून आणलं' असं विचारतो का, एवढंच तो पाहतो. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं 'नाही' अशी असतील, तर कायद्याच्या पुस्तकात फाशी लिहून ठेवली तरी केबल जायचीच.

तरी पारावरच्या माणसांना मी दोष देणार नाही. बहर बुडालेल्या माणसाला राग येतो आणि तो रास्त आहे. शिक्षा का द्यायची, याची ठोकळ उत्तरं चार. दुसऱ्यांना धाक बसावा. गुन्हेगाराला काही काळ आवर घालावा. त्याला सुधारावं. आणि चौथं, सगळ्यांत जुनं: केल्याची फेड व्हावी. शिकलेल्या लोकांना हे चौथं उत्तर मागासलेलं वाटतं, त्याला ते सूड म्हणतात. मला तसं वाटत नाही. का, ते नाशिकच्या एका खटल्यावरून पुढे सांगतो. त्याआधी महाराष्ट्रात कठोर शिक्षेचं नाव निघालं की हटकून निघते ती एक गोष्ट पाहू.

रांझ्याच्या पाटलाची. पुण्याजवळच्या रांझे गावचा पाटील बाबाजी गुजर याने बदअंमल केला, तो एका स्त्रीशी, असं सांगतात. शिवाजी महाराजांनी त्याला पकडून आणवलं, चौकशी केली आणि त्याचे हातपाय तोडायला लावले. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रात हे आलेलं आहे. आज कुठे अत्याचाराची बातमी आली की फलक लागतात, आरोपीचा चौरंग करा. पण तेच पत्र पुढे जे सांगतं ते फलकावर कधीच येत नाही. पाटलाच्या गोतातला सोनजी गुजर पुढे आला आणि अपंग झालेल्या बाबाजीला सांभाळायची जबाबदारी त्याने मागितली. महाराजांनी ती दिली आणि रांझ्याची पाटीलकीही रीतसर रक्कम भरून घेऊन त्याच्याकडे सोपवली. सोळाव्या वर्षातल्या त्या राजाने पाटलाला चौकशीशिवाय शिक्षा केली नाही, पाटील म्हणून सोडलं नाही, आणि शिक्षा झाल्यावर त्याला उकिरड्यावरही टाकलं नाही. हातपाय तोडणं ही त्या काळची रीत होती, ती आज कुणी आणू नये. मला त्या पत्रात मोलाचं वाटतं ते दुसरंच. अधिकाराच्या माणसालाही शिक्षा चुकली नाही, आणि ती झाल्यावर त्या माणसाचं पुढे काय, याचाही विचार झाला.

दांडग्या माणसाला शिक्षा चुकते तेव्हा काय होतं, ते नागपूरने पाहिलं आहे. कस्तुरबानगर वस्तीत अक्कू यादव नावाचा गुंड वर्षानुवर्षं खंडणी, मारहाण आणि बलात्कार करत होता. तो पकडला जायचा, सुटायचा आणि तक्रार केलेल्या बाईच्या दारात येऊन उभा राहायचा. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला जिल्हा न्यायालयात आणलं तेव्हा वस्तीतल्या बायका तिखट आणि चाकू घेऊन कोर्टात शिरल्या आणि तिथेच त्याला मारून टाकलं. पुढे खटला चालला आणि दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, सगळे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या दिवसाबद्दल नागपूरची माणसं आजही अभिमानाने बोलतात. मला त्या बायकांचा राग समजतो, पण त्या दिवसाचा अभिमान वाटत नाही. ज्या इमारतीत न्याय मिळायचा, तिथे या बायकांना चाकू घेऊन जावं लागलं. कायद्यात त्या माणसासाठी शिक्षांची काही कमी नव्हती. त्या त्याच्यापर्यंत पोचत नव्हत्या.

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं गेलं. आठवड्याने, १० फेब्रुवारीला, ती गेली. विदर्भातल्या प्रत्येक घरात त्या आठवड्यात चूल जड झाली होती. मोर्चे निघाले, फाशीची मागणी झाली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, आरोपीला जन्मठेप झाली. अशा घटनांच्या रेट्याखाली विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये 'शक्ती' विधेयक मंजूर केलं. त्यात बलात्काराच्या काही प्रकारांना फाशी होती. राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळाली नाही. अनेकांना ती मिळायला हवी होती असं वाटतं. मला वाटत नाही, आणि त्यामागे अत्याचार करणाऱ्याबद्दल यत्किंचितही दया नाही. बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, कधी घरातलाच. तक्रार दिली तर काका फासावर जाईल, असं कळलं की घर मुलीचं तोंड दाबतं. शिक्षा वाढली आणि तक्रार मेली. आणि बलात्कारालाही फाशी, खुनालाही फाशी, असं असेल तर एकमेव साक्षीदाराला जिवंत सोडण्याचं कारण त्या नराधमाला उरत नाही. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देश पेटलेला असतानाही बलात्काराला फाशीची शिफारस केली नाही, ती पुरत्या विचारानेच.

आता नाशिकचा खटला. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक आहे, आणि मला तो एकट्यानेच या सगळ्या विषयाचा धडा वाटतो.

जून २००३ मध्ये शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाले. एक बाई आणि तिचा मुलगा जखमी अवस्थेत वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० एप्रिल २००९ ला तिथे त्या तिघांचीही जन्मठेप फाशीत बदलली गेली. फेरविचाराची याचिका फेटाळली गेली. सगळे दरवाजे बंद झाले होते. त्यांच्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे मागाहून निष्पन्न झालं. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. काही फाशीच्या शिक्षा चुकीच्या पायावर दिल्या गेल्या आहेत, असं त्यांनी कळवलं. त्यात या सहा जणांचं प्रकरण होतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल मागे घेतला आणि प्रकरण पुन्हा ऐकलं.

५ मार्च २०१९ ला निकाल लागला. सहाही जण निर्दोष.

निकालातली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. वाचलेल्या त्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून चार माणसांना ओळखलं होतं. ती चार माणसं या सहांपैकी नव्हती. त्या चौघांवर खटला चालला नाही, आणि ती गोष्ट न्यायालयापुढे नीट आणलीच गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितली. तोवर सोळा वर्षं गेली होती. फाशीच्या कैद्याला पहाटे बुटांचा आवाज आला की आपली पाळी आली असं वाटतं. अशा हजारो पहाटा.

आता मघाचं ते चौथं उत्तर. धाकाचा हिशोब केला तर या सहा जणांच्या शिक्षेत काहीच कमी पडलेलं नव्हतं. गुन्हा झाला, माणसं पकडली, फाशी सुनावली, वर्तमानपत्रात आलं, लोकांना वाटलं न्याय झाला. धाक बसायचा तेवढा बसला. माणसं निर्दोष होती याने धाकात एका तोळ्याचाही फरक पडला नाही, कारण हे कुणाला ठाऊकच नव्हतं. शिक्षेचं समर्थन नुसतं धाकावर उभं असेल, तर निर्दोषाला शिक्षा झाली याचं वाईट वाटायला त्या हिशोबात जागाच नाही. ती जागा फक्त 'केल्याची फेड' या जुन्या कल्पनेत आहे. ज्याने केलं त्यालाच, आणि जेवढं केलं तेवढंच. जो माणूस फेडीची भाषा बोलतो त्याला दोन प्रश्नांना उत्तर द्यावंच लागतं: हाच का तो? आणि एवढं का त्याने केलं? सूड हे प्रश्न विचारत नाही. धाकही विचारत नाही. म्हणून फेडीला मी सूड म्हणत नाही. मला ती शिक्षेवरचा लगाम वाटते. चुकीच्या सहांना धरलं की खरे गुन्हेगार मोकळे राहतात. त्या वाचलेल्या बाईच्या वाट्याला काय आलं, याचा विचार केला की जीव कासावीस होतो. तिने स्वतः चार माणसं ओळखून दाखवली होती.

ते सहा जण भटक्या जमातीतले नसते, तर हे असंच घडलं असतं का? वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर फार शोधावं लागत नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी कुठल्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. पुढे तो वाढत वाढत देशभरातल्या कितीतरी जमातींच्या गळ्यात पडला. मूल जन्मलं की ते गुन्हेगार. हजेरी, तारांचं कुंपण, गावाबाहेर जायला परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, आणि त्या दिवसाला आजही विमुक्त दिन म्हणतात. शिक्का मात्र गेला नाही. कागदावरच्या शिक्क्यालाही अजून कायद्याचे हात लागायचे होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, त्याच निकालात विमुक्त जमातींना 'सराईत' समजणाऱ्या तुरुंग नियमांवरही बोट ठेवलं.

आमच्याच जिल्ह्यात, नांदगाव पेठ नव्हे तर दुसऱ्या नांदगावच्या, नांदगाव खंडेश्वरच्या तालुक्यात मंगरूळ चव्हाळा गाव आहे. तिथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी शाळा काढली. ते स्वतः त्याच समाजातले. शाळेचं नाव त्यांनी 'प्रश्नचिन्ह' ठेवलं. भीक मागणारी, रेल्वेत फिरणारी, आईबाप तुरुंगात असलेली मुलं तिथे आली. गुन्हा रोखण्याच्या उपायांची यादी करायला कुणी मला सांगितलं तर ही शाळा मी कुठल्याही नव्या तुरुंगाच्या वर घालेन. तिथल्या एका मुलाला गुन्हेगार व्हायला लागू नये म्हणून जो खर्च येतो, तो पुढे त्याला आयुष्यभर बंद ठेवण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

अमरावतीच्या रस्त्याकडे वळू. शिक्षा निकालानंतर सुरू होते, असा आपला समज आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ न्यायबंदी होती. ज्यांना बोलीभाषेत कच्चे कैदी म्हणतात ती. चारातले तीन. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांच्यातले काही दोषी ठरतील, काही सुटतील. पण तुरुंगातले दिवस दोघांचेही सारखेच जातात.

कुठल्याही कारागृहाच्या दारात मुलाखतीच्या दिवशी तासभर थांबून पाहावं. मी थांबलो आहे. मेळघाटातून दोन गाड्या बदलून आलेली एक कोरकू बाई भिंतीच्या सावलीत बसली होती. मांडीवर मूल, पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स. नवऱ्याला जामीन मंजूर होऊन महिना झाला होता. मग तो आत का? जामीनदार मिळत नव्हता. जामीनदाराला सातबारा लागतो, नाहीतर पगाराचा दाखला. त्यांच्याकडे जमीन नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती ते दुसऱ्याच्या पोरासाठी सातबारा अडकवायला तयार नव्हते. न्यायाधीशाने सोडलेला माणूस सातबाऱ्यावाचून आत राहतो, याला कुठली शिक्षा म्हणायचं? धाक नाही, फेड नाही, सुधारणा तर नाहीच. ही गरिबीची शिक्षा आहे, आणि ती कुठल्याही कलमात लिहिलेली नाही.

मोर्शीचा रस्ता मी मुद्दाम शेवटी ठेवला.

खुल्या कारागृहाची गोष्ट महाराष्ट्रात सांगायची तर औंध संस्थानापासून सांगावी लागते. भवानराव पंतप्रतिनिधींचं ते छोटं संस्थान. गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये राजाने सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्याच सुमारास मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनियरच्या कल्पनेतून आटपाडीजवळ माळावर कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, कुलूप नाही. कैदी बायकापोरांसह राहायचे आणि जमीन कसायचे. तिचं नाव स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला हे नाव देणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांनी लिहिलेल्या आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये काढलेल्या 'दो आँखें बारह हाथ' चित्रपटामागे हीच वसाहत आहे. चित्रपट जगभर गाजला. वसाहत आजही चालू आहे, आणि ती पाहायला जाणारे मात्र मोजकेच.

मोर्शीसारख्या ठिकाणी कुणाला पाठवतात, हे ऐकून पहिल्यांदा धक्का बसतो. बरेच जण खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेले. बंद कारागृहात ठरावीक वर्षं काढलेले, वागणूक चांगली असलेले. पण खेड्यातला खून कसा होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला धक्का बसू नये. धुऱ्याचा वाद असतो. दोन भावांच्या वावरांमधला हातभर रुंद धुरा, त्याच्यावरून आजोबांपासून चालत आलेली भांडणं, नांगरणीच्या दिवशी एकाने तास आत टाकला, दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाड होती. एका क्षणात एक भाऊ गेला, एक तुरुंगात गेला, दोन घरं बसली. हा माणूस पुन्हा खून करेल, याची शक्यता सराईत पाकीटमार पुन्हा पाकीट मारेल यापेक्षा कितीतरी कमी असते. त्याला वावराचं काम येतं. खुल्या कारागृहात तो तेच करतो, मजुरी मिळते, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तिथल्या प्रत्येक महिन्याला एक महिन्याची माफीही मिळते. पळाला तर हे सगळं जाईल, परत बंद बराक. पळून जाण्यात काय आहे आणि राहण्यात काय आहे, हे त्याला रोज दिसतं. भिंतीचं काम हा हिशोबच करतो.

मेलेल्या भावाच्या बायकोला हे कसं वाटत असेल? हा प्रश्न टाळून पुढे जाणाऱ्या लेखकांवर माझा विश्वास नाही. तिला वाटत असेल, माझा माणूस मातीत आणि तो मोकळ्या हवेत. तिचं दुःख खरं आहे. पण त्याला आणखी दहा वर्षं बंद बराकीत ठेवल्याने तिच्या पोरांच्या शाळेची फी भरली जात नाही. आपल्या व्यवस्थेत गुन्हा सरकारविरुद्ध होतो, खटला सरकार चालवतं, शिक्षा सरकार देतं, आणि जिच्या घरावर घाला पडला ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकदा उभी राहून घरी जाते. महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०१३ पासून बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना आणली, ते योग्य दिशेचं पाऊल होतं. धुऱ्यावर मेलेल्या शेतकऱ्याच्या विधवेपर्यंतही आधार तितक्याच हक्काने पोचला पाहिजे. कैद्याच्या मजुरीतला वाटा तिच्या खात्यात पडला, तर फेड या शब्दाला खरा अर्थ येईल.

आणि शिक्षा संपते कधी? चौदा-सोळा वर्षं काढून माणूस बाहेर येतो. बस त्याला नांदगाव पेठच्या फाट्यावर सोडते. समोर एमआयडीसी, तिथे कापडाचे कारखाने, हातांना काम. पण कंपनीत लागायचं तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. तो त्याला मिळणार नाही. न्यायालयाने दिलेली शिक्षा त्याने भोगली. ही दुसरी शिक्षा कुठल्या न्यायाधीशाने दिली? हिची मुदत कुठे लिहिली आहे? खजिनदाराच्या किंवा शाळेतल्या नोकरीला असा दाखला मागणं मला पटतं. गाठी बांधायला आणि ट्रक भरायला तो मागणं पटत नाही. काम नसलेला सुटलेला कैदी परत आत गेला, की आपण म्हणतो, बघा, हे सुधारतच नाहीत.

नव्या कायद्यात थोडा उजेड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा पहिल्यांदा आली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेचीच शिक्षा होते. मामांची केबल नेणारा पहिल्यांदाच पकडला गेलेला विशीतला पोरगा असता, तर त्याला तीन महिने सराईतांच्या बराकीत शिकायला पाठवण्यापेक्षा त्याच शिवारातल्या विहिरींवर राबवायला मामा तयार झाले असते. मी विचारलं होतं. "पन आधी घावू द्या," असंच ते पुन्हा म्हणाले.

दुसरी तरतूद कितीतरी जास्त लोकांच्या कामाची आहे, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून ती लिहून थांबतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि दुसरे खटले चालू नसतील, तर याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या न्यायबंदीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की तो जामिनावर सुटण्यास पात्र ठरतो. इतरांच्या बाबतीत अर्धा काळ. कारागृहाच्या अधीक्षकानेच तसा अर्ज न्यायालयाकडे पाठवायचा असतो. १ जुलै २०२४ च्या आधीच्या खटल्यांनाही हे लागू आहे. तुमच्या गावातलं, बेड्यावरचं, मजुरीला येणाऱ्या बाईच्या घरातलं कुणी असं आत अडकलं असेल, तर त्या घरच्यांना जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन जा. तुरुंगातल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना खटल्याचा क्रमांक आणि अटकेची तारीख कागदावर लिहून न्या. फोन करायचा असेल तर क्रमांक १५१०० आहे.